मांजरेचें पाणी आणि लातूरची तहान

मिरजेहून निघालेली एक मालगाडी १२ एप्रिल २०१६ रोजीं पहाटे लातूरास पोहोंचली. तिला टाक्यांचे दहा डबे होते व त्यांत सुमारें ५ लाख लिटर पाणी होतें. कृष्णाकांठाहून सुमारें ३४० किलोमीटरांचा प्रवास करून तें आलें होतें. २०११ च्या खानेसुमारींत लातूर शहराची वस्ती ३ लाख ८२ हजारांवर भरली होती. म्हणजे त्या गाडीनें माणशीं सव्वा लिटराहून थोडेंसेंच अधिक पाणी आणलें. पुढें डबे ५० झाले, एका खेपेस २५ लाख लिटर येऊं लागलें. तरीहि माणशीं वांटा साडेसहा लिटरांचाच. जवळ नदी, नदीवर धरण, असें असतां या शहरावर ही पाळी कां यावी?

मराठवाड्यास अवर्षण नवें नाहीं. १३९६ सालीं सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ दहा वर्षांहून अधिक काळ टिकला. म्हणून पूर्वजांनीं पाऊस जेथें पडे तेथेंच त्याला अडविण्याची रीत घातली. नांदेड जिल्ह्यांतील कंधार ही राष्ट्रकूटांची नगरी. तेथील जगत्तुंग समुद्र नांवाचा तलाव हजार वर्षांहून जुना आहे. गांवोगांवच्या बारवा याच शहाणपणाच्या. बारवेच्या पायऱ्या उतरणाऱ्यास पाणी किती खालीं गेलें तें रोज डोळ्यांनीं दिसे, आणि हात आपोआप आखडे.

पुढें मोठ्या धरणांचा काळ आला. बालाघाटांत उगम पावणारी मांजरा लातूरच्या शिवारांतून वाहत जाते. परंतु निजामी राजवटींत तिच्यावरचें मोठें धरण झालें तें खालीं निजामाबादकडे. नवाब अली नवाज जंग यांच्या देखरेखीखालीं निजामसागराचें काम १९२३ सालीं सुरू होऊन १९३१ सालीं पुरें झालें. लातूरच्या वांट्यास मात्र नदीचें दर्शन तेवढें आलें. संस्थान १९४८ सालीं मुक्त झालें, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें आणि मग हें चित्र पालटूं लागलें. नांदेडचे शंकरराव चव्हाण यांनीं गोदावरीच्या पाण्याचा ध्यास घेतला. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांनीं बसविली. १९७६ सालीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. नांदेडजवळ विष्णुपुरी प्रकल्प झाला, आणि लातूरकरांसाठीं मांजरेवर धनेगांव येथें धरण उभें राहिलें.

परंतु धरणाबरोबर ऊंस आला आणि ऊंसामागून साखरेचे कारखाने आले. बारवेंतलें पाणी घागरीनें निघे. धरणांतलें पाणी कालव्यानें व पंपांनीं जाऊं लागलें आणि तळ दिसेपर्यंत कोणाच्या ध्यानीं येईना. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगानें १९९९ सालीं आपला अहवाल दिला. तुटीच्या खोऱ्यांत ऊंसासारख्या पिकांस आवर घालावा, असा त्याचा सल्ला होता. तो कागदावरच राहिला. २०१४ व २०१५ अशीं लागोपाठ दोन वर्षें पावसानें दगा दिला व मांजरा धरण कोरडें पडलें. मार्च २०१६ मध्यें लातुरांत पाणी भरण्याच्या जागीं जमावबंदीचा हुकूम लागू करावा लागला. पाण्यापायीं शेजारी शेजाऱ्याच्या अंगावर जाईल, ही धास्ती सरकारास वाटावी, याहून मोठी नामुष्की कोणती?

एक योगायोग येथें ध्यानांत घेण्याजोगा आहे. ज्या वाटेनें ही पाण्याची गाडी आली ती वाट मुळांत बार्शी लाईट रेल्वेची. तिचा छोटा रूळ १९११ सालीं लातूरपर्यंत व १९२७ सालीं मिरजेपर्यंत गेला. लातूरच्या बाजारपेठेचा माल बाहेर नेणाऱ्या त्याच वाटेनें शंभर वर्षांनीं लातूरास पिण्याचें पाणी आणावें लागलें.

गाडीच्या शंभराहून अधिक खेपा झाल्या. त्याच उन्हाळ्यांत लातूरकरांनीं वर्गणी काढून मांजरेच्या पात्रांतला गाळ उपसला. सप्टेंबरांत मुसळधार पाऊस झाला, धरण भरलें आणि शहराचा जीव भांड्यांत पडला. परंतु खरी परीक्षा तेथूनच सुरू होते. धरण कोरडें पडल्यावर काटकसर सर्वांनाच सुचते; तें कांठोकांठ भरलेलें असतांना पिण्याचा वांटा प्रथम बाजूस काढून उरलेलें मोजून देणें, यालाच पाण्याचें नियोजन म्हणतात. कंधारचा तलाव बांधणाऱ्यांना तें कळलें होतें.