मैल गेला, सोळाशे राहिले

ऑलिंपिकमध्ये सोळाशे मीटरची शर्यत नसते. पंधराशेची असते. चार बाय चारशेची रिले बेरजेनं सोळाशेच भरते, पण तिथं चौघं मिळून धावतात. जागतिक अजिंक्यपद घ्या, आशियाई स्पर्धा घ्या, एकट्या धावपटूसाठी हे अंतर कुठल्याच मोठ्या मैदानावर सापडत नाही. आणि तरी महाराष्ट्रात आज सर्वांत जिवाच्या आकांतानं धावलं जाणारं अंतर कुठलं असेल, तर ते सोळाशेच. त्याला पदक नाही, प्रेक्षक नाहीत. मिळालेच तर वीस गुण मिळतात, आणि गुण जमले तर पोलिसाची वर्दी.

राज्याच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात दरेकसा आहे. मुंबई-हावडा मार्गावर आमगाव, धानोली, सालेकसा अशी स्थानकं मागं टाकत गाडी इथं येते. पुढं चढ, बोगदा, आणि बोरतलावला पोचेस्तोवर छत्तीसगढ लागलेलं असतं. जवळ हाजरा फॉल, गोंड समाजाचं श्रद्धास्थान असलेलं कचारगड, सगळीकडं जंगल. नक्षलवाद्यांच्या एका दलमलाही दरेकसाचंच नाव होतं, आणि सशस्त्र पोलीस दूरक्षेत्रालाही तेच. एकाच जंगलातल्या पोरांच्या पायांवर दोन्ही बाजूंची नजर होती, असं म्हटलं तर ते फार चूक ठरू नये.

धान निघालं की इथल्या तरुणापुढं पक्क्या नोकरीचे दरवाजे तीनच: रेल्वे, वनविभाग, पोलीस. तिन्ही दरवाजांवर पाय मोजतात. रेल्वेच्या गट ड साठी मुलाला एक हजार मीटर सव्वाचार मिनिटांत, आणि वर ३५ किलो वजन उचलून शंभर मीटर दोन मिनिटांत. वनरक्षकाला पाच किलोमीटर धाव, मुलींना तीन; शेवटी पुरुषांना चार तासांत पंचवीस किलोमीटर चाल. जिल्हा पोलिसाला सोळाशे. लष्कराच्या भरतीतही सोळाशेच. म्हणून सालेकशाकडच्या रस्त्यावर उजाडायच्या आत धावणाऱ्या पोरांना कुठली भरती म्हणून विचारलं, तर बहुतेकदा एकच उत्तर येतं: "जी निघेल ती."

हे सोळाशे आले कुठून? ऑलिंपिकनं पंधराशे निवडलं ते युरोपातल्या मेट्रिक मैदानांच्या हिशेबानं. सोळाशेचं घराणं वेगळं. ते इंग्रजी मैलाचं लेकरू आहे. मैल म्हणजे १,७६० यार्ड, म्हणजे ४४० यार्डांच्या मैदानाला बरोबर चार फेऱ्या. इंग्रजांच्या शाळांमध्ये, कॉलेजांत आणि पलटणींत ही चार फेऱ्यांची शर्यत मुरली. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डच्या इफली रोड मैदानावर रॉजर बॅनिस्टरनं ती ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पुरी केली, तेव्हा जगभर गाजावाजा झाला तो मैलाचा. भारतानं १९५६ च्या कायद्यानं वजनमापं दशमान केली. पुढं शेर गेला, कोस गेला, रस्त्याकडेचे मैलाचे दगड किलोमीटरचे झाले. मैदानं चारशे मीटरची झाली. चार फेऱ्या मात्र राहिल्या. ४४० यार्ड म्हणजे चारशे दोन मीटर आणि थोडं वर. चार फेऱ्यांत नऊ मीटर तेवढे झडले. लष्करातल्या जवानांची २.४ किलोमीटरची चाचणी पाहिली तर तीही दीड मैलच निघते. केनेथ कूपर या अमेरिकी हवाई दलाच्या डॉक्टरनं दीड मैलाचं माप जगभर पोचवलं होतं. साहेब गेला, मैल गेला, आणि फेऱ्या आपण इमानानं मारत राहिलो.

आपल्याकडं शरीर कमावण्याची परंपरा होती, पण ती तालमीची. दंड, जोर, बैठका, मल्लखांब, लेझीम. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी उभी केलेली, पुढं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावाजलेली संस्था विदर्भातल्या या परंपरेची शिखरसंस्था. तिथं शरीर घडायचं, घड्याळ फारसं मध्ये यायचं नाही. वेळ लावून धावणं हे शाळा, पलटण आणि पोलीस लाइन या मार्गानं आलं.

आणि फार काळ ते घड्याळ दुय्यमच होतं. १८६१ साली पोलीस कायदाही आला आणि मध्य प्रांतही स्थापन झाला. भंडारा जिल्हा त्याच प्रांतात, आणि आजचा गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच. त्या काळच्या भरतीत साहेबाची नजर, उंचीची पट्टी आणि छातीची फीत एवढी साधनं पुरत. पुरुष उमेदवाराची न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून पाच जास्त, हे छातीचं माप आजही जाहिरातीत असतं. फीत गेलेली नाही. पण त्याहीआधी लष्करात एक माप होतं, ते जन्माचं. १८५७ नंतर ‘लढवय्या जातीं’चं खूळ बोकाळलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची भरती बंद झाली. भीमा कोरेगावला लढलेल्यांच्या नातवंडांना तुम्ही लढवय्ये नाही असं सांगण्यात आलं. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी पुन्हा निवेदन धाडलं. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा पलटण उभारली, गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये. एखादा माणूस किती वेगानं धावतो हे पाहण्याआधी तो कोणाचा हे पाहिलं जात होतं, तिथून सोळाशेला पूर्ण वीस गुण देणाऱ्या पाच मिनिटं दहा सेकंदांपर्यंतचा रस्ता हा या मागोव्यातला माझ्या मते सर्वांत मोठा पल्ला आहे. घड्याळाला जात कळत नाही. याच महार रेजिमेंटमध्ये बीडचा अविनाश साबळे बारावीनंतर नोकरी म्हणून दाखल झाला, सियाचीनला राहिला, मग पलटणीच्या क्रॉसकंट्रीत धावू लागला, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं रौप्य घेऊन आला. खेळातून नोकरी मिळते असं आपण धरून चालतो. महाराष्ट्रात पुष्कळदा नोकरीतून खेळ मिळतो.

पोलिसांची धाव सुरुवातीपासून सोळाशे नव्हती. २०१४ पर्यंत पुरुषांना पाच किलोमीटर धावावं लागे. त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत, उकाड्यात, पाच किलोमीटर धावताना काही तरुण कोसळले आणि त्यातले किमान चार दगावले. अंतरावर चर्चा झाली, ते कमी झालं, आणि पुढच्या काही वर्षांत पुरुषांना सोळाशे, मुलींना आठशे असं स्थिरावलं. २०१९ मध्ये शारीरिक चाचणी शंभरावरून पन्नास गुणांवर आली, लांब उडी आणि पुलअप्स गळाले. उरलं सोळाशे, शंभर मीटर आणि गोळा. राज्य राखीव दलाला मात्र पाच किलोमीटरच ठेवले. २०२४ च्या जूनमध्ये बालेगावला राखीव दलाच्या भरतीत तेच पाच किलोमीटर धावताना पुन्हा एक तरुण गेला. त्या वर्षी १७,४७१ जागांसाठी सुमारे पावणेअठरा लाख अर्ज होते. एका जागेमागं शंभर जण असले की छातीत कळ आली तरी पोरगं थांबत नाही, यात त्याचा हट्ट कमी आणि हिशेब जास्त असतो.

गोंदियात या धोक्याला आणखी एक पदर आहे, ज्याची भरतीच्या गप्पांत फारशी वाच्यता होत नाही. पूर्व विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा. ज्याला हा आजार आहे तो भरतीपर्यंत सहसा पोचत नाही. पण वाहक असलेला मुलगा धडधाकट असतो, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. अमेरिकी लष्करातल्या नवशिक्यांवरचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वाहक जवानांचा श्रमात अचानक मृत्यू होण्याचा धोका अनेक पटींनी जास्त आढळला. २०१६ मध्ये सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांवरच्या दुसऱ्या अभ्यासात मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही. स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण येण्याचा धोका मात्र दीडपट निघाला. मधल्या काळात तिथं पाणी, विश्रांती आणि उन्हाचे नियम कडक झाले होते. म्हणजे वाहक असणं हा धावण्यात अडसर नाही, तहानलेलं धावणं हा आहे. १ जुलै २०२३ पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, तपासण्या होताहेत. त्या तपासणीचा कागद आणि मैदानावरचं पाण्याचं पिंप यांची गाठ घालून देणं फार खर्चाचं काम नाही.

आता घड्याळाकडं. पूर्वी मैदानावर हवालदाराच्या हातात स्टॉपवॉच असे, तोंडात शिट्टी, आणि छातीवर नंबर लावलेली वीस-पंचवीस पोरं एकदम सुटत. फेऱ्या मोजणाऱ्याची नजर चुकली की कुणाची फेरी खाल्ली जाई, कुणाची फुकट वाढे. "साहेबानं टायमिंग खाल्लं" ही तक्रार आणि "ओळख होती म्हणून पास झाला" हा संशय दोन्ही एकाच घड्याळातून निघत. मग चिप आली. १९९०च्या दशकात नेदरलँड्सच्या चॅम्पियनचिप कंपनीनं मॅरेथॉनसाठी ती रुळवली. १९९६ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ती वापरली गेली. धावपटूजवळची छोटी चिप जमिनीवरच्या मॅटवरून गेली की ॲंटेना तिचा क्रमांक टिपते, आणि वेळ थेट संगणकात. प्रत्येक फेरीची नोंद झाली नाही तर धाव धरतच नाहीत. मुंबई मॅरेथॉनमध्ये हौशी धावपटू पैसे भरून अशी चिप लावतो आणि संध्याकाळी आपली वेळ मित्रांना पाठवतो. भरतीत तीच चिप पोटासाठी लावली जाते. मॅटला दोघांतला फरक कळत नाही, आणि दरेकशाच्या पोरासाठी त्या न कळण्यातच न्याय आहे. त्याच्याकडं ओळख नसते, वेळ असते.

चिप भरतीच्या दिवशी. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मोबाइल. दोन किलोमीटर-दगडांमधला सरळ रस्ता म्हणजे एक हजार. त्यापुढचे सहाशे फोनच्या जीपीएसवर. आणि इथं जंगल दगा देतं. आभाळ डोंगरानं आणि सागाच्या फांद्यांनी झाकलेलं असलं की उपग्रहाचा संकेत उसळ्या खातो, फोनला माणूस रस्त्यावर नव्हे तर कधी डाव्या ओढ्यात, कधी उजव्या झुडपात दिसतो. हे सगळे ठिपके जोडून फोन जी रेघ ओढतो ती वाकडीतिकडी, म्हणून बहुधा खऱ्या अंतरापेक्षा लांब. पडद्यावर सोळाशे पुरे होतात, पायांनी पन्नास-साठ मीटर कमी धावलेले असतात. पाच मिनिटं दहा सेकंदांना म्हणजे फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद पडतात. पन्नास मीटर म्हणजे जवळजवळ दहा सेकंद. रस्त्यावर ‘आउट ऑफ’, म्हणजे वीसपैकी वीस, असलेला पोरगा गोंदियाला कारंजाच्या पोलीस मुख्यालयात उतरतो आणि अठरावर येतो. ज्यानं कुठंतरी शाळेचं मैदान फितीनं मोजून चुन्याची खूण केली, तो या फसवणुकीतून सुटतो. तंत्रज्ञान गावापर्यंत आलं, त्याच्याआधी टेप आली असती तर बरं झालं असतं.

मुलींच्या बाबतीत फोननं दुसरंच काही केलं. १९९४ च्या महिला धोरणानं राज्यात तीस टक्के जागा राखीव केल्या, पण पहाटेच्या अंधारात मुलीनं ट्रॅकपँट घालून रस्त्यावर धावणं गावाला पटायला आणखी बराच काळ जावा लागला. वर्दीतल्या मुलींचे व्हिडिओ घरच्या फोनवर येऊ लागले तेव्हा आईबापांनाही तयारीला एक चेहरा मिळाला. चौघी-पाचजणी एकत्र निघतात, मागं कुणाचा तरी भाऊ सायकलवर. पूर्ण गुणांसाठी आठशेला २ मिनिटं ५० सेकंद.

त्याच फोनवर मार्च २०२२ मध्ये नोएडाचा प्रदीप मेहरा देशभर पोचला. हॉटेलातली पाळी संपवून मध्यरात्री दहा किलोमीटर घरी धावत निघालेला मुलगा. चित्रपट दिग्दर्शक विनोद कापरी यांनी गाडीतून त्याचा व्हिडिओ केला, त्यानं लिफ्ट नाकारली, कोट्यवधींनी पाहिला. कौतुकाच्या पुरात एक गोष्ट वाहून गेली: करोनामुळे तेव्हा दोन वर्षं लष्कराची भरती जवळपास ठप्पच होती. तो ज्या भरतीसाठी धावत होता ती निघालेलीच नव्हती. तीन महिन्यांनी, १४ जूनला, अग्निपथ आली. साडेपाच मिनिटांत सोळाशे संपवणाऱ्याला पूर्ण साठ गुण, नोकरी चार वर्षांची.

फोनवरची भरतीची दुनिया आता स्वतंत्र धंदा आहे. व्यायामाचे, गोळा फेकण्याच्या पवित्र्याचे, नडगी दुखली तर काय करायचं याचे व्हिडिओ, मागच्या कटऑफची यादी, ॲकॅडमीच्या जाहिराती. काही सल्ला उत्तम असतो. काही घातक. जानेवारी २०२३ मध्ये रायगडच्या भरतीत उमेदवारांकडं उत्तेजकं सापडली, तेव्हा ती कुठून आणि कुणाच्या सल्ल्यानं आली हे विचारणं भाग पडलं. सांगणारे कोण, तेही पाहण्यासारखं आहे. वर्दी मिळालेले थोडे. पुष्कळसे ते, ज्यांचं सोळाशे सुरेख होतं पण लेखीत दोन-तीन गुणांनी हुकलं, मग भरतीच निघाली नाही, आणि अठ्ठावीस किंवा तेहतीसची वयोमर्यादा उलटून गेली. पहाटे उठायची सवय तशीच राहते. शिट्टी विकत घेतात, फोन तिपाईवर उभा करतात, आणि पुढच्या पोरांना फेरीला सत्त्याहत्तर सेकंद कसे धरायचे ते दाखवू लागतात.