ब्रिटनमध्ये निवासाच्या अटीवरून दिव्यांग भत्ता नाकारला, तर अपील कसं करायचं?

पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट, म्हणजेच 'पिप', हा इंग्लंड आणि वेल्समध्ये दीर्घ आजार किंवा अपंगत्व असलेल्या प्रौढांना मिळणारा सरकारी भत्ता आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, निवासाची मात्र आहे. अर्ज निवासाच्या कारणावरून फेटाळला असेल, तर नुसते वैद्यकीय कागद जोडून उपयोग होत नाही. वाद निवासाचा असतो आणि पुरावाही त्याचाच लागतो.

निवासाची अट काय आहे?

- अर्जाच्या आधीच्या 156 पैकी किमान 104 आठवडे ग्रेट ब्रिटनमध्ये हजर असणं. निर्वासितांना आणि आयुष्याचे मोजके महिने उरलेल्या रुग्णांना यातून सूट आहे.
- नेहमीचं वास्तव्य तिथेच असणं.
- व्हिसावर सरकारी मदत घेण्यास बंदी नसणं. बंदी असताना अर्ज केल्यास व्हिसा अडचणीत येऊ शकतो.

समजा, एखादी व्यक्ती तीन वर्षांत 40 आठवडे पुण्यात राहिली. तिचे 116 आठवडे भरतात. हेच 60 आठवडे असतील, तर 96 भरतात आणि अर्ज फेटाळला जातो.

नकार आल्यावर काय करायचं?

1. पत्रात नेमकी कोणती अट मोडली म्हटलंय, ते पाहा.
2. निर्णयाच्या तारखेपासून एका महिन्यात फेरविचाराची मागणी करा. ही पायरी टाळून सहसा अपील करता येत नाही.
3. फेरविचारातही नकार आला, तर त्या पत्रापासून एका महिन्यात न्यायाधिकरणाकडे अपील करा. त्याला फी नाही. दुभाषा हवा असल्यास फॉर्ममध्येच लिहा.

पुरावे कोणते?

पासपोर्टवरचे शिक्के, विमानाची तिकिटं, भाडेकरार, काउन्सिल टॅक्सची बिलं, पगारपत्रकं, डॉक्टरांकडच्या भेटींच्या नोंदी. त्यासोबत देशाबाहेर गेल्याच्या आणि परतल्याच्या तारखांचा तक्ता द्यावा.

अपील की नवा अर्ज?

न्यायाधिकरण निर्णयाच्या दिवशीची स्थिती पाहतं. सरकारी खात्याने आठवडे चुकीचे मोजले असतील, तर अपील करावं. जिंकल्यास मागची थकबाकीही मिळू शकते. पण 104 आठवडे त्या निर्णयानंतर पूर्ण झाले असतील, तर नवा अर्जच करावा लागतो. शंका असेल, तर दोन्ही करता येतं.

निवासाचा मुद्दा जिंकला म्हणजे भत्ता लगेच सुरू होतो असं नाही. अपंगत्वाची तपासणी झाली नसेल, तर ती त्यानंतर होते. म्हणून वैद्यकीय कागद जपून ठेवावेत.