अंगाबरोबर बेतलेली बंदूक

बंदूक म्हटली कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें एकच चित्र उभें राहतें : एक डोळा मिटलेला, दुसरा नळीवर खिळलेला, आणि श्वास रोखून हळूच ओढलेला चाप. हें चित्र रायफलीचें आहे. रायफलीच्या नळीवर पुढें माशी असते आणि मागें खांच असते. खांच, माशी आणि लक्ष्य हीं तिन्ही एका रेषेंत आलीं कीं नेम साधतो. छऱ्यांच्या बंदुकीची गोष्ट निराळी. तिच्या नळीच्या टोकाशीं एक बारीक मणी असतो. मागें कांहीं नसतें. उडत्या लक्ष्यावर बार टाकतांना खांच आणि माशी जुळवीत बसण्यास सवडच नसते. मग मागची खांच गेली कोठें? ती नेमबाजाच्या डोळ्यांत गेली. गाल दस्त्यावर टेकला म्हणजे डोळा जेथें येईल, तेंच त्या बंदुकीचें मागचें निशाण. अर्थात् दस्ता माणसाच्या मापाचा नसेल, तर त्या बंदुकीचें निशाण जन्मतःच चुकलेलें असतें. ट्रॅप या नांवानें चालणाऱ्या नेमबाजीच्या खेळाला सव्वादोनशें वर्षांहून अधिक इतिहास आहे. आणि हें साधें सत्य पक्क्या मापांत बसविण्यास त्यांतलीं जवळजवळ शंभर वर्षें खर्ची पडलीं.

ट्रॅप म्हणजे सापळा. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत हा खेळ रूढ झाला होता. १७९३ सालच्या एका इंग्रजी क्रीडा-मासिकांत त्याचा उल्लेख सांपडतो. लक्ष्य होतें जिवंत कबूतर. लंडनच्या पश्चिमेस ईलिंग येथें ‘ओल्ड हॅट्स’, म्हणजे ‘जुन्या टोप्या’, या नांवाचें एक मद्यगृह होतें. तेथें जमिनींतील खड्ड्यांत कबूतर ठेवीत आणि त्यावर जुनी टोपी झांकीत, अशी हकीकत सांगतात. दोरी ओढली कीं टोपी उलटे आणि कबूतर उडे. पुढें टोपीच्या जागीं पेट्या आल्या. नेमबाज तयार झाला म्हणजे ‘पुल’, म्हणजे ‘ओढ’, असा पुकारा करी आणि दोरीवाला पेटी उघडी. आज दोरी नाहीं आणि कबूतरही नाहीं. नेमबाजाचा आवाज ऐकून यंत्र आपोआप चकती फेंकतें. तरी इंग्रजी बोलणारा नेमबाज अजून ‘पुल’ असेंच ओरडतो, आणि त्या निर्जीव चकतीला अजून ‘पक्षी’ असेंच म्हणतात. वस्तु बदलल्या तरी शब्द मागें राहतात, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

त्या काळच्या बंदुका ठासणीच्या होत्या. नळींत दारू आणि छर्रे गजानें ठासावे लागत आणि गारगोटीच्या ठिणगीनें बार उडे. पेटींतून सुटलेलें कबूतर वर उसळतें. तें जेथें दिसलें तेथेंच बार टाकावा, तर छर्रे पोंचेपर्यंत तें त्या जागेच्या वर गेलेलें असतें. लंडनचा नामांकित कारागीर जोसेफ मँटन यानें १८०६ सालीं दुनळी बंदुकीच्या दोन नळ्यांवरील पट्टी मागच्या बाजूस उंच करण्याचें पेटंट घेतलें. त्यामुळें बार किंचित् वर जाऊं लागला. मँटनच्या मागोमाग इतर सुधारणा आल्या. १८३० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें लफोशो यानें मागून काडतूस भरण्याची सोय रूढ केली. १८७५ सालीं लंडन येथें ‘दि फील्ड’ या पत्रानें घेतलेल्या चांचणींत ग्रीनर यांच्या बंदुकांनीं, नळीचें तोंड आंवळून घेतलें असतां छर्रे दूरवर एकत्र राहतात, हें सिद्ध केलें. बारा बोअर हें माप याच घराण्यांतलें. एक रत्तल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतल्या एका गोळीचा जो व्यास, तो त्या नळीचा व्यास. कारागिरांचें सारें लक्ष असें नळीवर होतें. नेमबाजाच्या गालाकडे आणि खांद्याकडे काटेकोरपणें पाहण्याची वेळ अजून यावयाची होती.

दरम्यान हा खेळ समुद्र ओलांडून अमेरिकेंत गेला. ओहायो संस्थानांतील सिनसिनाटी शहरीं १८३१ सालीं तो खेळला गेल्याची नोंद आहे. याच ओहायोंत १८६० सालीं एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं एक मुलगी जन्मास आली. बाप लहानपणींच वारला. मुलगी रानांतून ससे आणि पांखरें मारून आणी, तीं बाजारांत विकली जात, आणि त्यावर घर चाले. पुढें सिनसिनाटी येथें फ्रँक बटलर नांवाच्या व्यवसायी नेमबाजाशीं तिचा सामना ठरला. पेटींतून सुटणाऱ्या कबुतरांवरचा हा सामना तिनें जिंकला. हरलेल्या बटलरनें तिच्याशीं विवाह केला आणि पुढें आपला खेळ बाजूस ठेवून तिच्या खेळाची व्यवस्था पत्करली. हीच ती जगप्रसिद्ध ॲनी ओकली.

१८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बफेलो बिलचा तांडा लंडनला आला. त्यांत ॲनी होती. रंगणांतील तिचे खेळ पाहून लोक थक्क होत. परंतु इंग्लंडांतील चपळ पारव्यांवर बार टाकण्याची पाळी आली, तेव्हां तिला अपेक्षित यश येईना. हात तोच होता आणि डोळाही तोच. दोष बंदुकीचा होता. ॲनीची उंची जेमतेम पांच फूट, आणि हातांतली बंदूक तिच्या मानानें जड. शिवाय त्या काळच्या अमेरिकन बंदुकांचे दस्ते बहुधा फार उतरते असत. लंडन येथील चार्ल्स लँकेस्टर या पेढीचे चालक हेन्री थॉर्न यांनीं तिची माप घेऊन हलक्या, तिच्या अंगाबरोबर बेतलेल्या बंदुका तिला करून दिल्या, आणि तेच पारवे पडूं लागले. या थॉर्न यांनीं चार्ल्स लँकेस्टर या नांवानेंच १८८९ सालीं नेमबाजीच्या कलेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तो पुढें अनेक वर्षें वाचला गेला.

शिंपी ज्याप्रमाणें अंगरखा बेततो, त्याप्रमाणें कारागीर बंदूक बेततो, असें म्हटलें तर त्यांत अतिशयोक्ति नाहीं. पहिलें माप लांबीचें. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोंकापर्यंतचें हें अंतर मध्यम बांध्याच्या पुरुषास सामान्यतः १४ ते १४½ इंच लागतें. दस्ता लांब झाला तर तो कांखेंत अडकतो. आंखूड झाला तर बार उडतांच अंगठा नाकावर येऊन आदळतो. दुसरें माप उताराचें, म्हणजे नळीच्या रेषेपासून दस्त्याची वरची कड किती खालीं आहे याचें. उतार अधिक झाला तर डोळा खालीं जातो आणि नळी दृष्टीआड होते. ट्रॅपच्या बंदुकीचा दस्ता मुद्दाम थोडा उंच ठेवतात. कारण येथें लक्ष्य नेहमीं वर चढतें, आणि जें मँटननें पट्टीनें साधलें तेंच येथें दस्त्यानें साधावयाचें असतें. तिसरें माप बाजूच्या वळणाचें. उजव्या हाताच्या नेमबाजासाठीं दस्ता किंचित् उजवीकडे वळवितात, म्हणजे मान न वांकवितां डोळा पट्टीच्या बरोबर मागें येतो.

या मापांत केसाएवढी चूकही कां खपत नाहीं, हें साध्या त्रैराशिकानें समजतें. डोळा आणि टोकाचा मणी यांत सुमारें एक यार्ड अंतर असतें. डोळा एक अष्टमांश इंच सरकला, तर ४० यार्डांवर बार पांच इंच बाजूस जातो. आणि आजची चकती तर जेमतेम सव्वाचार इंच रुंद. उलट हाच हिशेब उपयोगींही पडतो. चुना फांसलेल्या लोखंडी पत्र्यावर १६ यार्डांवरून बार टाकावा. छऱ्यांचा मध्य लक्ष्यापासून जितके इंच हटला असेल, तितके सोळांश इंच दस्त्यांत फरक करावा. माप घेण्यासाठीं १८८० नंतरच्या दशकांत इंग्लंडमध्यें एक खास बंदूक निघाली. तिचा दस्ता मळसूत्रांनीं लांब, आंखूड, उंच, सखल वा वांकडा करतां येई. गिऱ्हाइकाच्या अंगाला ती जुळवावयाची, मापें टिपून घ्यावयाचीं, आणि त्याबरहुकूम अक्रोडाच्या लांकडाचा दस्ता कोरावयाचा. बंदूक माणसाशीं जुळवून घेऊं लागली ती अशी.

पण बंदूक सुधारत असतां लक्ष्याचा प्रश्न अधिकाधिक बोंचूं लागला होता. अमेरिकेंत ट्रॅपच्या सामन्यांसाठीं प्रवासी पारवा या जातीचे पक्षी हजारोंनीं पकडून आणीत. एके काळीं या पक्ष्यांच्या थव्यांनीं आकाश झांकोळून जाई. बाजारासाठीं केलेली बेसुमार कत्तल आणि अरण्यांची तोड हीं त्यांच्या नाशाचीं मुख्य कारणें. ट्रॅपच्या पेट्यांनीं त्यांत भर घातली. पर्याय शोधण्याचे प्रयत्न चालू होते. कप्तान बोगार्डस यानें १८७७ सालीं कांचेचे गोळे फेंकणारें सुधारलेलें यंत्र काढलें. गोळा फुटला कीं पक्षी मारल्याचा भास व्हावा म्हणून कांहीं गोळ्यांत पिसें भरीत. पण मैदानभर कांचा होत. अखेर १८८० सालीं सिनसिनाटीच्याच जॉर्ज लिगोव्स्की यानें भाजलेल्या मातीच्या चकतीचें पेटंट घेतलें. मुलें पाण्यावरून शिंपले उड्या मारीत जातील असे फेंकीत होतीं, तें पाहून त्याला ही कल्पना सुचली, असें सांगतात. पहिल्या चकत्या इतक्या कठीण होत्या कीं छर्रे लागले तरी फुटत नसत. पुढें डांबर आणि चुनखडी यांच्या मिश्रणाची ठिसूळ चकती आली आणि प्रश्न सुटला.

जुनी चाल मात्र लवकर सुटली नाहीं. लंडनचा हर्लिंगम क्लब १८६९ सालीं कबुतरांच्या नेमबाजीसाठींच निघाला. त्यानें ती १९०५ सालीं बंद केली. पॅरिसला १९०० सालच्या ऑलिंपिकच्या वेळीं जिवंत कबुतरांवर स्पर्धा झाली आणि सुमारें तीनशें पक्षी मेले. तसें पुन्हां ऑलिंपिकमध्यें कधीं झालें नाहीं. ब्रिटनमध्यें १९२१ सालच्या कायद्यानें कोंडलेले पक्षी सोडून मारण्यास बंदी झाली. प्रवासी पाराव्यांना या शहाणपणाचा उपयोग झाला नाहीं. त्यांतली शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजीं पिंजऱ्यांत मेली. तो पिंजरा सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत होता. ज्या गांवीं हा खेळ अमेरिकेंत रुजला आणि ज्या गांवीं मातीची चकती जन्मली, त्याच गांवीं ती जात संपली.

विसाव्या शतकांत या खेळाच्या बंदुकीनें आपलें रूप घेतलें. अमेरिकन कारागीर जॉन ब्राउनिंग यानें दोन नळ्या शेजारीं न ठेवतां एकीवर एक ठेवल्या, म्हणजे नेमबाजाच्या दृष्टीला एकच अरुंद पट्टी दिसते. १९२६ च्या नोव्हेंबरांत बेल्जममधील कारखान्यांतच त्याचा अंत झाला. मुलगा व्हाल यानें काम पुढें नेलें आणि १९३१ सालीं ती बंदूक बाजारांत आली. १९६४ सालीं टोकियो येथें इटलीच्या एन्निओ मात्तारेल्ली यानें पेराझ्झीच्या बंदुकीनें सुवर्णपदक मिळविलें. भारताचें नांव या खेळांत प्रथम गाजविलें तें बिकानेरचे महाराजा करणी सिंह यांनीं. १९६० ते १९८० या काळांत ते पांच ऑलिंपिकांत उतरले, आणि १९६२ सालीं कैरो येथील जागतिक स्पर्धेंत पहिल्या क्रमांकासाठीं बरोबरी करून त्यांनीं रौप्यपदक मिळविलें. २००४ सालीं अथेन्स येथें राज्यवर्धनसिंह राठोड यांनीं डबल ट्रॅप या भावंड-प्रकारांत रौप्यपदक जिंकलें.

आजच्या स्पर्धेच्या बंदुकींत गालाखालची कड मळसूत्रानें वर-खालीं करतां येते; माप घेण्याची जुनी बंदूक जणूं कायमची नेमबाजाच्या हातीं आली. तरीही जुन्या बंदुकीची गोडी सरलेली नाहीं. तिचें वजन दोन्ही हातांत सारखें तोललेलें असतें, आणि अक्रोडाच्या लांकडावरील रेघा हाताळून हाताळून उजळलेल्या असतात. मात्र ती दुसऱ्याच कोणाच्या अंगावर बेतलेली असते. कुशल कारागीर दस्त्याच्या मनगटाला गरम तेलाचा शेक देऊन तो हवा तसा वळवितो. लांबी कमी पडल्यास मागें कातड्याची गादी बसवितो. नळ्या तपासून घेतल्याविना आणि जुन्या नळीस सोसतील अशींच काडतुसें निवडल्याविना तिचा बार काढूं नये. पोलादी छर्रे तर अशा नळींत घालूंच नयेत. एवढें केल्यावर एक सोपी कसोटी राहते. डोळे मिटून रिकामी बंदूक खांद्याशीं आणावी आणि डोळे उघडावे. मणी पट्टीच्या मधोमध दिसला, तर ती बंदूक आपली झाली.

ॲनी ओकलीनें उतारवयांत पाइनहर्स्ट येथें असंख्य स्त्रियांना नेमबाजी शिकविली. १९२२ सालीं, साठी उलटल्यावर, तिनें तेथेंच १६ यार्डांवरून ओळीनें शंभर चकत्या फोडल्या. पोटासाठीं पांखरें मारणाऱ्या मुलीच्या हातून शेवटीं पडलीं तीं मातीचीं शकलें. हात तोच राहिला. आधीं बंदूक हातासारखी झाली आणि मग लक्ष्य मनासारखें झालें. या खेळांत टिकून राहण्याजोगें जें होतें, तें एवढ्यानेंच टिकलें.