झांकलेलीं दारें : गृहसुधारणेच्या इतिहासांतील एक प्रकरण

दिवाळी महिन्या-दीड महिन्यावर आली, कीं आपल्या घरांतून एक चर्चा हटकून निघते. भिंतींना यंदा रंग द्यावयाचा कीं नाहीं? जुनें कपाट ठेवावयाचें कीं विकावयाचें? आजोबांच्या वेळचें मेज घांसून त्याला पॉलिश करावें, कीं तेलरंगाचा एक हात फिरवून मोकळें व्हावें? चर्चेअंतीं सुताराला किंवा रंगाऱ्याला बोलावणें जातें. आणि तो वेळेवर आला नाहीं, तर घरांतील एखादा उत्साही गृहस्थ हातोडी घेऊन स्वतःच पुढें सरसावतो. हा प्रसंग इतका घरगुती आहे, कीं त्याला कांहीं इतिहास असेल असें आपल्या मनांतही येत नाहीं. परंतु इतिहास आहे, आणि तो सांगण्यासारखा आहे. स्वतःच्या हातांनीं घर सुधारण्याच्या हौसेंत काय साधतें आणि काय गमावतें, याचा पुरा अनुभव गेल्या शतकांत इंग्लंडमधील मध्यमवर्गानें घेतला. त्या अनुभवाची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे. ती सांगतांना मी एका साध्या लांकडी दाराचा माग काढीत जाणार आहें.

या दाराचा जन्म व्हिक्टोरिया राणीच्या काळांतला. १८३७ ते १९०१ या तिच्या दीर्घ कारकीर्दींत इंग्लंडचीं शहरें झपाट्यानें वाढलीं, आणि एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या लांबच लांब रांगा तयार झाल्या. या घरांचीं आंतील दारें बहुधा पाइनच्या मऊ लांकडाचीं असत. उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट करावयाची, एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेंत पक्की बसवावयाची, आणि मधल्या चार पातळ फळ्या खोबणींत नुसत्या सरकवून ठेवावयाच्या, अशी त्यांची रचना असे. फळ्या मोकळ्या ठेवण्यांत सुताराचें शहाणपण होतें. हवेंतील ओलाव्यानें लांकूड फुगतें आणि कोरड्या दिवसांत आकसतें. फळी चारी बाजूंनीं जखडून टाकली, तर ती चिरते. खोबणींत मोकळी असली, तर ती आपल्यापुरती हलते आणि दार शंभर वर्षें टिकतें. सुताराचें काम संपलें, कीं रंगाऱ्याचें सुरू होई. दारावर रंगाचे थर बसत; पुष्कळदां रंगारी ओल्या रंगावर कंगवा आणि कुंचला फिरवून ओक लांकडाच्या रेषा उठवी आणि गरीब पाइनला श्रीमंती रूप देई. एवढी एक गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी : या दाराचें लांकूड उघडें दिसावें, अशी तें करणाऱ्याची कल्पनाच नव्हती.

पुढें दुसरें महायुद्ध सुरू झालें. इंग्लंडला लागणारें बहुतेक लांकूड परदेशांतून जहाजांनीं येत असे. पाणबुड्यांमुळें समुद्र असुरक्षित झाला, आणि जें लांकूड येई त्यावर पहिला हक्क सैन्याचा ठरला. १९४० च्या सप्टेंबरापासून लंडनवर बाँबवर्षाव होऊं लागला आणि हजारों कुटुंबांचें सामान घरासकट नाहींसें झालें. तेव्हां १९४२ सालीं व्यापार खात्याचे मंत्री ह्यू डाल्टन यांनीं ‘युटिलिटी’ सामानाची योजना आंखली, आणि १९४३ च्या आरंभीं तिचें सूचीपत्र निघालें. खुर्च्या, मेजें, पलंग, कपाटें यांचे मोजके नमुने सरकारनें ठरवून दिले. नमुन्यांत नक्षीला फांटा दिलेला होता. सांधे मात्र पक्के असले पाहिजेत असा दंडक होता. गॉर्डन रसेल हे कसलेले रचनाकार या कामांत अग्रभागीं होते. तें सामान विकत घेण्याची मुभा मिळे ती मुख्यतः नवविवाहितांना आणि बाँबहल्ल्यांत घर गमावलेल्यांना. बाकीच्यांनीं आहे त्यावर भागवावें. फळांच्या खोक्यांचीं कपाटें झालीं, पलंगाच्या फळ्यांचीं मेजें झालीं. ही योजना १९५२ पर्यंत चालू राहिली. म्हणजे घरच्या सामानावर स्वतः हात चालविण्याची संवय त्या देशाला लागली ती हौसेनें नव्हे. गरजेनें ती शिकविली.

युद्ध संपलें तरी टंचाई संपली नाहीं. पडझड झालेल्या घरांची दुरुस्ती आणि नवीं घरें यांसाठीं सामान राखून ठेवणें भाग होतें. म्हणून खाजगी बांधकामाला सरकारी परवाना लागे. ही परवानापद्धति १९५४ च्या नोव्हेंबरांत उठली. तोंवर कारागिरांची मजुरीही वाढली होती, आणि स्वतःच्या मालकीचें जुनें घर कर्ज काढून घेणाऱ्या कुटुंबांची संख्याही वाढत होती. अशा कुटुंबाजवळ घर होतें, रविवार होता, आणि सुताराला द्यावयास पैसे नव्हते. त्याच सुमारास हत्यारेंही सोपीं झालीं. अमेरिकेंतील ब्लॅक अँड डेकर या कंपनीनें पिस्तुलासारखी मूठ व चाप असलेल्या विजेच्या गिरमिटाचें पेटंट १९१७ मध्यें मिळविलें होतें. तें यंत्र कारखान्यासाठीं होतें. १९४६ मध्यें तिनें घरगुती उपयोगाचीं स्वस्त गिरमिटें बाजारांत आणलीं. इंग्लंडांत १९५५ सालीं ‘प्रॅक्टिकल हाउसहोल्डर’ हें मासिक निघालें, आणि १९५७ मध्यें ‘डू इट युवरसेल्फ’ याच नांवाचें दुसरें निघालें. ‘तुमचें तुम्हीच करा’ हा एका पिढीचा मंत्र झाला.

या मंत्राला एक सामग्रीही लाभली. अमेरिकेंतील मिसिसिपी राज्यांत लॉरेल नांवाचें गांव आहे. तेथें विल्यम मेसन या संशोधकानें १९२४ सालीं गिरणीत वायां जाणाऱ्या लांकडाच्या ढलप्या वाफेच्या प्रचंड दाबाखालीं फोडून त्यांचे तंतु वेगळे केले, आणि ते तंतु उष्णतेनें दाबून त्यांचे कठीण पत्रे बनविले. त्यांत सरस घालावा लागत नाहीं. लांकडांत निसर्गतःच असलेलें चिकट द्रव्य तंतूंना धरून ठेवतें. हेंच हार्डबोर्ड. तें स्वस्त, हलकें, एका बाजूनें आरशासारखें गुळगुळीत, आणि साध्या करवतीनें कापतां येण्याजोगें होतें. ज्याला रंधा धरतां येत नाहीं, त्यालाही हार्डबोर्ड ठोकतां येई.

तें कोठें ठोकावें, हें शिकविणारा गुरुही मिळाला. त्याचें नांव बॅरी बकनेल. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बी. बी. सी. च्या टेलिव्हिजनवर हा गृहस्थ घरदुरुस्तीचे धडे देऊं लागला. कार्यक्रम थेट प्रक्षेपित होई. म्हणून एखादा खिळा वांकला किंवा एखादी फळी निसटली, तर तें सर्वांना दिसे, आणि सर्वांना धीर येई. १९६२ मध्यें लंडनच्या ईलिंग भागांतील एक मोडकळीस आलेलें जुनें घर घेऊन त्याचा कायापालट कसा करावा, हें त्यानें आठवड्यामागून आठवडे दाखविलें. त्यानें शिकविलेली सर्वांत प्रसिद्ध युक्ति म्हणजे आपल्या दाराची. खोबणी-फळ्यांच्या जुन्या दारावर दोन्ही बाजूंनीं हार्डबोर्ड ठोकावें, वर पांढरा रंग द्यावा, कीं दार सपाट, नवें आणि आधुनिक दिसूं लागे. जिन्याच्या कठड्याचे कांतीव दांडे असेच पत्र्याआड गेले. भिंतींतील शेकोट्या बंद झाल्या. रविवारच्या हातोडीखालीं इंग्लंडांतील असंख्य घरें सपाट झालीं.

आज या गोष्टीला हंसणें सोपें आहे. परंतु त्या काळच्या गृहिणीच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास हंसूं येत नाहीं. कोळशाच्या धुरानें भरलेल्या शहरांत दाराच्या प्रत्येक खोबणींत व प्रत्येक नक्षींत रोज काजळी बसे, आणि ती रोज पुसावी लागे. पूर्वीं हें काम मोलकरीण करी. आतां तें गृहिणीच्या हातीं आलें होतें. सपाट दार एका फडक्यानें पुसलें जाई. शिवाय जुनी नक्षी त्यांना अंधाऱ्या खोल्यांची आणि आजीच्या घरांतील दारिद्र्याची आठवण देई. ज्यांनीं कधीं हत्यार धरलें नव्हतें, अशा कारकुनांनीं व शिक्षकांनीं आपलें घर आपल्या हातांनीं उजळलें, ही अभिमानाचीच गोष्ट होती.

गंमत अशी, कीं बकनेल घरें सपाट करीत होता त्याच काळांत लोकांची रुचि उलट वळूं लागली होती. १९५८ मध्यें जॉन बेट्जमन, निकोलाउस पेव्ह्स्नर आदि मंडळींनीं व्हिक्टोरियन वास्तूंच्या रक्षणासाठीं एक संस्था स्थापिली. पुढच्या पिढीनें जुनीं घरें विकत घेतलीं तीं त्यांचें जुनेपण आवडलें म्हणून. तिनें हार्डबोर्ड उचकटलें, आणि काय आश्चर्य! आंत दार जसेंच्या तसें उभें होतें. कोठें खिळ्यांचीं भोकें पडलेलीं, कोठें पुढें आलेली नक्षी रंध्यानें तासलेली. परंतु बहुतेक दारें धडधाकट होतीं. ज्या पित्याला मुलें अरसिक म्हणत होतीं, त्यानेंच नकळत तें दार पत्र्याच्या आवरणाखालीं सांभाळून ठेवलें होतें.

येथवर कथा सुखान्त आहे. खरी हानि झाली ती यानंतर, आणि ती केली दारावर प्रेम करणाऱ्यांनीं. दाराखालचें लांकूड पाहण्याचा मोह त्यांना आवरला नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत रंग काढून टाकलेल्या पाइनची लाट आली. दारें घेऊन जाऊन कॉस्टिक सोड्याच्या मोठ्या टाक्यांत बुडवून देणारे कारखाने निघाले. सोड्यानें रंग गेला. पण सोडा सांध्यांतही शिरला आणि सरस विरघळवून बसला. दारें खिळखिळीं झालीं, लांकडाचे तंतु सुटले, रंग फिक्का पडला. आणि त्या रंगाबरोबर रंगाऱ्यानें कंगव्यानें उठविलेल्या ओकच्या रेषाही कायमच्या गेल्या. हार्डबोर्ड उचकटतां आलें. हा रंग परत आणतां येईना. जुनें रूप परत आणल्याच्या समाधानांत त्यांनीं जें रूप निर्माण केलें, तें त्या दाराचें कधींच नव्हतें.

यांत आणखी एक धोका दडलेला होता. जुन्या तेलरंगांत सफेता, म्हणजे शिशाचा पांढरा क्षार, सर्रास असे. शिसें विषारी आहे हें रंगाऱ्यांच्या दुखण्यांवरून फार पूर्वींच कळून आलें होतें. १९२१ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें घरांतील रंगकामांत सफेता वापरण्यावर निर्बंध घालणारा करारही संमत केला. असा रंग भिंतीवर स्वस्थ असतो तोंवर त्रास थोडा. कोरडा घांसला किंवा आंच लावून जाळला, कीं त्याची धूळ आणि वाफ श्वासावाटे शरीरांत जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला तर ती फारच घातक. घर सुंदर करण्याच्या नादांत कित्येकांनीं ही धूळ घरभर पसरविली.

विल्यम मॉरिसनें १८७७ सालीं प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठीं संस्था काढली, तेव्हां तिला ‘खरवड-विरोधी’ असें टोपणनांव पडलें होतें. जुन्या चर्चांच्या भिंतींचा गिलावा खरवडून त्यांना ‘मूळ’ रूप देण्याची त्या काळीं टूम होती. मॉरिसचें म्हणणें असें, कीं जुन्या वास्तूची निगा राखावी, गळतें तें सांधावें, मोडतें त्याला टेका द्यावा. कल्पनेंतलें मूळ रूप शोधण्यासाठीं तिच्यावरील काळाचे थर खरवडूं नयेत. शंभर वर्षांनंतर त्याच देशांतील घरोघरीं दारें खरवडलीं गेलीं. शहाणपण ग्रंथांत असतें. हातांत तें प्रत्येक पिढीला नव्यानें यावें लागतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपल्याकडील जुन्या वाड्यांत सागवानी खांब आहेत, चुन्याच्या भिंती आहेत. वाडे पाडून उभ्या राहिलेल्या सदनिकांतही आजोबांचें मेज आणि आजीची पेटी येऊन राहिलेली असते. त्यांना हात लावण्यापूर्वीं या हकीकतीवरून दोन-तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली ही, कीं वस्तु मुळांत कशी केली होती हें आधीं पाहावें. चुन्याच्या भिंतीवर मजबुतीसाठीं सीमेंटचा गिलावा चढविला, तर भिंतींतील ओल बाहेर पडावयाची वाट बंद होते आणि ती आंतून पोखरते. तेथें चुनाच हवा. सरसानें जोडलेलें मेज पाण्यानें किंवा सोड्यानें धुऊं नये. दुसरी ही, कीं जुना रंग कोरडा घांसूं नये. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्यें झाले व २०१७ पासून लागू झाले; तेव्हां त्यापूर्वींच्या रंगांत शिसें असण्याचा संभव धरूनच चालावें. काम ओलें करावें, मुलांना दूर ठेवावें, धूळ ओल्या फडक्यानें टिपावी. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची : जें पुढच्या पिढीला उलगडतां येईल, तें खुशाल करावें, जें परत आणतां येणार नाहीं, तें करण्यापूर्वीं एक दिवाळी थांबावें.

थांबल्यानें फारसें बिघडत नाहीं. मेजाचा एक पाय डगमगत असेल, तर तेवढा सांधा उघडून, जुना सरस खरवडून, नवा लावून, रात्रभर दोरीनें आवळून ठेवावा. हें काम कोणाही गृहस्थाला जमण्यासारखें आहे, आणि त्यांत घरांतील मुलांनीं दोरी धरावी. मेज कसें जोडलेलें आहे हें त्या दिवशीं त्यांना कळेल. पुढें तें विकावें, रंगवावें, कीं तसेंच ठेवावें, याचा विचार करण्याची पाळी त्यांच्यावर येईल, तेव्हां आंत काय आहे हें त्यांना ठाऊक असेल. इंग्लंडमधील त्या दारांच्या दोन्ही पिढ्यांच्या मालकांजवळ हातोडी होती, हौस होती, प्रेमही होतें. ही एवढी माहिती मात्र नव्हती.