डायनामो मोडीत काढणाऱ्यांना उत्तर

सायकलच्या दिव्याचा विषय निघाला की हल्ली एकच मत ऐकू येतं: डायनामोचा जमाना संपला, चार्जिंगचा दिवा घ्या. कारणंही ठरलेली. डायनामो लावला की पायडल जड होतं, उजेड पिवळा नि मिणमिणता पडतो, सायकल थांबली की तोही जातो आणि पावसात तर काही खरं नाही. खांबांच्या उजेडात, हौसेने अधूनमधून सायकल काढणाऱ्यापुरता हा निवाडा मला मान्य आहे. पण आरोंद्याहून तेरेखोलवरचा पूल ओलांडून किरणपाणीकडे कामाला जाणाऱ्याला किंवा शिरोड्याचा बाजार उरकून काळोखात परतणाऱ्यालाही तोच सल्ला दिला जातो. तिथे तो साफ चुकीचा आहे.

आधी उजेडाचं बघू. सायकलचा नेहमीचा डायनामो 6 व्होल्ट, 3 वॅटचा. त्यातले 2.4 वॅट पुढच्या दिव्याला, 0.6 मागच्या. जुन्या बल्बची तार यातली बहुतेक वीज उष्णतेत घालवायची, आणि दोष लागला डायनामोला. तेच 2.4 वॅट आजच्या एलईडीला दिले तर उजेड कितीतरी पट वाढतो. शिवाय या दोघांचं जमतंही छान. चाक जोरात फिरलं की व्होल्टेज वाढू पाहतं, पण गुंडाळीचा अडथळाही त्याबरोबर वाढतो, म्हणून प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपासच राहतो. एलईडीला असाच बांधलेला प्रवाह लागतो. मध्ये चार डायोड टाकून तो एकाच दिशेचा करून घेतला की झालं. दिव्यात कपॅसिटर असला तर सायकल थांबल्यावरही काही मिनिटं उजेड टिकतो. थांबलं की अंधार, ही तक्रार आता जुन्या दिव्यांपुरतीच उरली आहे.

जडपणाचा आक्षेप अर्धा खरा आहे. सपाटीवर रमतगमत जाणारा माणूस 60-70 वॅट जोर लावतो. टायरला घासणारा डायनामो त्यातले 7 ते 10 घेतो. पायाला ते जाणवतं. पण अनेकदा तो बसवलेलाच वाकडा असतो. त्याच्या आसाची रेषा वाढवली तर ती चाकाच्या बरोबर मध्यातून गेली पाहिजे. तशी नसेल तर चकती टायरच्या कडेला तिरकी फरफटते, आवाज करते, रबर खाते. पाना घेऊन पाच मिनिटांत सुधारणारी ही गोष्ट आहे.

पावसाचा आक्षेप मात्र पूर्ण खरा. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि ओल्या, चिखलाळ टायरवर चकती घसरते. याला उत्तर पुढच्या चाकाच्या हबमध्ये बसणाऱ्या डायनामोचं. लोहचुंबक आणि गुंडाळी दोन्ही आत बंद, टायरशी संबंध नाही, ओढही कमी. तो महाग पडतो, मागवावा लागतो, स्पोक नव्याने भरून आऊट काढून घ्यावा लागतो. रोज रात्री सायकल चालवणाऱ्याने हा खर्च एकदा करावा, असं माझं ठाम मत आहे. जर्मनीत 2013 पर्यंत बहुतेक सायकलींना डायनामो कायद्यानेच सक्तीचा होता, आणि आजही तिथे नव्या सायकलींत तो हबमध्ये बसवून मिळतो.

आता चार्जिंगच्या दिव्याची खाऱ्या हवेत काय गत होते ते बघा. चार्जरची पिन जिथे जाते तिथलं रबरी झाकण सैल होतं, आत हिरवट थर धरतो आणि पिन लागेनाशी होते. लिथियमचा सेल वर्षागणिक कमी वीज धरतो. बंद डब्यातला तो दिवा गावात कोणी उघडून दुरुस्त करत नाही. आणि चार्जिंगला मुळात वीज हवी. मे 2021 च्या तौक्ते वादळानंतर या किनाऱ्यावर कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती.

खारी हवा डायनामोलाही सोडत नाही. बहुतेक जोडण्यांत एकच वायर असते, परतीची वाट सायकलच्या सांगाड्यातून. स्क्रूखाली गंज चढला की अर्थिंग जातं, दिवा बंद पडतो, आणि मालक समजतो डायनामो गेला. पॉलिश पेपरने तेवढी जागा घासावी, किंवा सरळ दुसरी वायर ओढून सांगाड्यावरचं अवलंबनच संपवावं. असा बिघाड दिसतो, हाताला लागतो, गावातल्या दुकानात निघतो. काळोख्या रस्त्यावर भरवसा ठेवायचा तर असल्या वस्तूवर ठेवावा.

दोन ठिकाणी मी बॅटरीची बाजू घेईन. फुरशांच्या या मुलखात सायकलवरून उतरून पायवाटेने घरी जाताना हातात बॅटरी हवीच. ती खिशात असावी, हँडलला बांधलेली नव्हे. आणि मागच्या तांबड्या दिव्याला वीज इतकी कमी लागते की साध्या सेलवर तो दीर्घकाळ चालतो. मडगार्डवरून मागे नेलेली वायर सामान लादताना हमखास तुटते, म्हणून तिथे सेलचा दिवा आणि त्याखाली मोठा तांबडा रिफ्लेक्टर लावावा.