साडेचार-एकोणीस

रबरी हवेचा टायर जगात चालता केला तो एका गुरांच्या डॉक्टराने. ही गोष्ट मी बीड जिल्ह्यात ज्याला ज्याला सांगितली, त्याच्या चेहऱ्यावर ‘मग दुसरं कोण करणार?’ असाच भाव दिसला. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या पोराच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेली रबराची नळी बसवली. वास्तविक ही कल्पना रॉबर्ट टॉमसन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाला १८४५ सालीच सुचली होती, पेटंटही त्याने घेतले होते. पण मोटार जन्माला यायला अजून चाळीस वर्षे होती. मुलगी ठरण्याआधीच मांडव घालून बसलेल्या नवऱ्यासारखी त्याची अवस्था झाली.

एवढी विद्वत्ता माझ्या अंगी आली ती आमच्या अंबाजोगाईच्या वकीलसाहेबांमुळे. त्यांच्या गोठ्यात एक एम. जी. टी. सी. आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, सायकलीसारख्या तारांच्या चाकांची स्पोर्ट्‌स कार. १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडात अशा सुमारे दहा हजार झाल्या. त्यांतली एक वकीलसाहेबांच्या वडिलांनी हैदराबादहून जुन्यात आणली. निजामाच्या अमलात आमच्या गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि इथे घोडदळाची छावणी होती, तेव्हा वेगाचे वेड इथल्या मातीतलेच म्हणायचे.

गेली कित्येक वर्षे मोटार चार दगडांवर उभी होती. इंजिन चालते, हॉर्न तर गल्ली जागी करतो. अडले ते टायरपाशी. नक्षी अगदी शाबूत, पण रबराला मे महिन्यातल्या रानासारख्या भेगा. रबर नुसते उभ्या उभ्याही म्हातारे होते हे आम्हां पेन्शनरांना वेगळे सांगायला नको. पुण्याच्या चिरंजीवांनी मध्येच एक गिऱ्हाईक आणले. त्याला ही मोटार हॉटेलच्या दारात कुंड्यांच्या शेजारी ठेवायची होती. वकीलसाहेब म्हणाले, “योगेश्वरीच्या मार्गशीर्षातल्या यात्रेपर्यंत ती स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर गेली तर घरात राहील. नाही गेली तर घेऊन जा.”

म्हणून आम्ही दोघे टायर शोधायला बीडला गेलो.

“कोणत्या गाडीचं पाहिजे?”

“एम. जी.”

दुकानदाराने तत्काळ एक घमेल्याएवढा रुंद टायर आपटला. “हेक्टरचं आहे, बघा.” आमच्याकडे हेक्टर म्हटले की सातबारा आठवतो. पण २०१९ पासून त्या नावाची एम. जी. मोटारही आपल्या देशात विकली जाते. कंपनीचे नाव तेवढे जुने, मालक चिनी.

वकीलसाहेबांनी कोर्टात पुरावा ठेवावा तशी चिठ्ठी पुढे केली. तीवर ४.५०-१९. टायरची रुंदी साडेचार इंच, आणि तो ज्या रिमवर बसतो तिचा व्यास एकोणीस इंच. पुढे रेडियल टायर आले (पेटंट मिशेलीन या फ्रेंच कंपनीचे, १९४६ सालचे), आणि हळूहळू रुंदी मिलिमीटरात मोजू लागले. व्यास मात्र इंचातच राहिला. फ्रेंच आणि इंग्रज यांचा संसार एवढ्या एकाच वस्तूवर सुखाने चालला असावा.

“एकोणीसमध्ये दोनच येतेत,” दुकानदार म्हणाला. “बुलेट आणि बैलगाडी.”

त्याच्या दुकानापुरते हे खरे निघाले. जुन्या बुलेटचा टायर ३.२५-१९, आणि बैलगाडीचा ७.००-१९ किंवा ८.००-१९. एक काडीसारखा, दुसरा पिंपासारखा. मधल्या साडेचारच्या मोटारीला वाली कोणी नाही. मोटरसायकलचा टायर वाकून वळण घेण्यासाठी गोल घडवलेला असतो, तो मोटारीला चालत नाही.

त्यातून वकीलसाहेबांना जिव्हारी लागली ती वेगळीच गोष्ट. ‘जग्वार एक्सके १२०’ ही मोटार १९४९ साली बेल्जियमच्या रस्त्यावर ताशी १३२ मैलांनी धावली होती, त्या काळी राजेरजवाड्यांनी मिरवावी अशी. तिचा टायर ६.००-१६. जीपचाही तोच, आणि कितीतरी ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकाचाही तोच! ट्रॅक्टरचा टायर ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या पुढे न्यायचा नसतो हे खरे. पण माप तर गावोगाव मिळते. “म्हणजे महाराजांची सोय धारूरलासुद्धा होईल,” वकीलसाहेब उसासले, “अन् आम्ही मध्यमवर्गीय म्हणून अडलो.”

बैलगाडीच्या टायरापाशी मी जरा रेंगाळलो. पूर्वी लाकडी चाकावर लोहार तापवलेली लोखंडी धाव चढवी आणि वर पाणी ओतून ती आवळी. ही धाव डांबरी सडक नांगरल्यासारखी उकरी. १९३६ साली डनलॉपचा कारखाना बंगालमध्ये साहागंजला निघाला. तो आता बंद पडला आहे, पण उत्तरेत रबरी चाकांच्या गाडीला लोक ‘डनलप’च म्हणतात. आमच्याकडे ती टायरगाडी. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला माणसे बाहेर पडतात, त्यांतले ‘टायरवाले’ म्हणजे कारखान्याच्या टायरगाडीला स्वतःचे बैल जुंपणारे. गुरांच्या डॉक्टराची विद्या शेवटी गुरांच्या कामी आली, असे म्हणावेसे वाटते. बैलाचे म्हणणे निराळे पडेल. चाक हलके झाले म्हणून माणसाने ओझे वाढवले.

तर ४.५०-१९. विलायत-अमेरिकेत जुन्या मोटारींसाठी जुन्या मापाचे टायर आजही ओततात. पण २००९ च्या हुकमाने टायरवर आयएसआयचा छाप सक्तीचा केला, आणि जून २०२० पासून आयातीवरही बंधन आले. वर्षाला चार टायर विकणारा इंग्रज आपल्या छापासाठी कशाला खेटे घालील? शेवटी मुंबईच्या एका संग्राहकाने आपल्या माळ्यावरचा जोड वाजवी भावात दिला. त्याने तो कसा आणला होता, हे वकील असूनही वकीलसाहेबांनी विचारले नाही.

पार्सल उघडले आणि त्यांचा चेहरा पडला. टायरच्या कुशीवर आकडा होता १८१८. “अहो, पेशवाई बुडाली त्या सालचे टायर!” मी समजूत घातली. ती टायरची जन्मपत्रिका असते, २०१८ सालचा अठरावा आठवडा.

नाक्यावरच्या पंक्चरवाल्या पोराने मशीन बाजूला सारले, तारांची टोके ट्यूबला टोचू नयेत म्हणून रिमवर रबरी पट्टी चढवली, पावडर शिंपडली आणि पहारींनी चारी टायर बसवले. यात्रेला पाच दिवस होते. वकीलसाहेबांनी टोपी उलटी घातली, मला शेजारी बसवले आणि आम्ही केजच्या रस्त्याला लागलो.

तीन किलोमीटरवर उसाच्या दोन टायरगाड्या आडव्या आल्या. ओलांडायला वाव नाही. हॉर्न वाजवला तर बैल बुजतील म्हणून वकीलसाहेबांनी तो वाजवला नाही. त्यांच्या मागोमाग आम्ही पाऊण तास पहिल्या गिअरमध्ये गेलो. चढावर गाड्या थांबल्या तेव्हा गाडीवान उतरला, आमच्या चाकाभोवती फिरला, बोटाने रबर दाबून पाहिले.

“मालक, एवढ्याशा टायरवर माल किती बसतो?”

“माल नाही. दोन माणसं.”

“दोन माणसाला चार टायर?” त्याने आपल्या दोन चाकांवरच्या दीड-दोन टन उसाकडे पाहिले, मग बैलांकडे. “कामून?”