जिन्याखालची रॅले: नॉटिंगहॅमची की आसनसोलची?

वाडा बिल्डरकडे द्यायचा ठरला की सदाशिव, नारायण पेठेत जिन्याखालची अडगळ बाहेर निघते. तांब्याचा बंब, मोडका पाट, काच तडकलेली तसबीर, आणि पुष्कळदा या सगळ्याच्या मागे भिंतीला टेकवलेली एक काळी सायकल. भंगारवाला तिचा भाव किलोवर सांगतो. घरातलं कुणीतरी मात्र ठासून म्हणतं, ‘आजोबांची रॅले आहे, अस्सल इंग्लंडची!’ पावती केव्हाच हरवलेली असते. मग साक्ष काढायची ती लोखंडाची.

पहिली साक्ष हँडलच्या खाली, फ्रेमच्या पुढच्या नळीवर. तिथल्या पाटीवर बगळ्याचं डोकं दिसलं की घरातले खूश होतात, कारण ती रॅलेची खूण. पण खालची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय निकाल लागत नाही. रॅलेचा मूळ कारखाना इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. १९५० च्या दशकात सेन-रॅले कंपनीने बंगालमधल्या आसनसोलजवळ कारखाना घातला आणि रॅले, हंबर, रज ही विलायती नावं भारतात घडू लागली. तिकडे मद्रासजवळ अंबत्तूरला ‘टीआय’ने हर्क्युलिस बनवायला घेतली. त्याच दशकात परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवरचे निर्बंध आवळले गेले. त्यामुळे ‘इंग्लंडची’ म्हणून जपलेली सायकल आसनसोलची निघाली, तर त्यात आजोबांची थाप नसते. नाव तेच, चिन्ह तेच, फक्त गाव वेगळं.

पाटी गळून पडली असेल तर पेडलजवळचं मोठं दातेरी चक्र पाहावं. जुन्या कंपन्या सही करावी तशी त्यात आपली खूण कापून ठेवत. रॅलेच्या चक्रात बगळ्यांची डोकी, रजच्या चक्रात उघडा पंजा, हंबरच्या चक्रात हात-पाय पसरलेली छोटी माणसं आणि बीएसएच्या चक्रात थेट तीन अक्षरं. हंबर तर लांबूनही ओळखू येते, कारण तिच्या पुढच्या चिमट्याला दोन्ही बाजूंना दुहेरी नळ्या असतात. बीएसए म्हणजे ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’. मूळ धंदा बंदुकांचा, म्हणून चिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका.

साल काढणं याहून किचकट. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल तर काम सोपं होतं, कारण त्या कंपनीने बरीच वर्षं हबवर साल कोरलं. मात्र ते हबचं साल. चाक नंतर बदललेलं असेल तर फ्रेम त्याहून जुनी असू शकते. चकाकणाऱ्या भागांवरची किंचित पिवळट झाक निकेलची असते. निळसर, थंड चमक क्रोमची. सायकलींवर क्रोम साधारण १९३० च्या सुमारास रुळला. दुसऱ्या महायुद्धात तोही दुर्मीळ झाला आणि इंग्लंडमधल्या सायकलींचे एरवी चकाकणारे भाग काळे रंगवले गेले.

पुण्याची साक्ष असते ती बिल्ल्याची. सायकलवर कर होता आणि तो भरल्याचा पुरावा म्हणून धातूचा बिल्ला सायकलीवर लावावा लागे. पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली १५ फेब्रुवारी १९५० रोजी. बिल्ल्यावर त्याआधीच्या नगरपालिकेचं नाव असेल, तर सायकल त्या तारखेपूर्वीच शहराच्या रस्त्यांवर आली होती, एवढं नक्की.

आणि रस्त्यांवर तेव्हा सायकलीच होत्या. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे कामगार, कॉलेजची पोरं, कचेरीतले कारकून, सगळे सायकलवर. ज्यांची स्वतःची नव्हती ते तासाच्या भाड्याने आणत. रात्री बत्ती नसली किंवा मागे कुणाला डबलसीट घेतलं की चौकातला हवालदार हवा सोडून देई. स्कूटर घरोघर पोचल्यावर हीच सायकल जिन्याखाली गेली.

मराठी माणसाचा सायकलचा धंदा त्याहून जुना. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत शिकवत असताना सायकली खरेदी करून बेळगावला भावाकडे, रामूअण्णांकडे पाठवत. १८८८ साली निघालेल्या त्या सायकलच्या दुकानातून पुढे नांगर, पंप आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. योगायोग असा की डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं तेही १८८८ सालीच.

ओळख पटली की घरच्यांचे हात शिवशिवतात. पहिला मोह रंगाचा: फ्रेम घासायची आणि झगझगीत काळा मारायचा. तिथेच सर्वाधिक नुकसान होतं. मूळ एनॅमलवरच्या बारीक सोनेरी रेघा आणि कंपनीची अक्षरं एकदा घासली गेली की गेली. आधी केरोसिनने जुनं वंगण काढावं, मऊ फडक्याने फ्रेम पुसावी. काळ्या थराखाली सोनं शाबूत असल्याचं अनेकदा दिसतं.

दुसरा धोका कॉटर पिनचा. पेडलचा दांडा अक्षाला धरून ठेवणारी ही पाचर वर्षानुवर्षं गंजून बसलेली असते. नुसता हातोडा घातला तर तिचं तोंड चेपतं आणि खालचे छर्रे नि वाट्याही दुखावतात. म्हणून जाणता मेकॅनिक आधी तेल सोडतो, दांड्याला खालून भक्कम आधार देतो आणि मगच ठोका घालतो. वाट्या बदलायच्या झाल्या तर आणखी एक मेख आहे. रॅलेने आपल्या बऱ्याच सायकलींच्या या भागाला इंचाला २६ आट्यांचं स्वतःचं मळसूत्र ठेवलं, बाकीच्या ब्रिटिश सायकलींना २४. बाजारातली वाटी जबरदस्तीने फिरवली की फ्रेमच्या आट्या कायमच्या जातात.

मग खरा प्रश्न उरतो: सायकल कोणत्या वयात थांबवायची? कारखान्यातून निघाली तशी करायची तर नंतर जोडलेलं जाडजूड कॅरिअर, दांडीवरची पोराची सीट आणि तो बिल्लाही काढावा लागेल. पण सायकल घडली नॉटिंगहॅमला असली, तरी ती झिजली लक्ष्मी रोडवर. खरेदीनंतर तिच्यावर चढलेलं सामान म्हणजे त्या घराच्या गरजांची नोंद. ते काढून उरणारी सायकल जगात कुठेही मिळेल.

तुलनेला नमुना हवा असेल तर कर्वेनगरमधलं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय गाठावं. तिथे महायुद्धातली बीएसए पॅराट्रूपर आहे. विमानातून उतरणाऱ्या सैनिकांसाठी बनवलेली ही सायकल दोन पंखांच्या नटांवर मधोमध दुमडते. सुट्या भागांसाठी बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार फिरावा, कंदील आणि कातडी सीट तिथे नशिबाने हाती लागतात. टायरला मात्र नशीब लागत नाही. दांड्यांच्या ब्रेकची काळी सायकल भारतात अजून बनते, त्यामुळे अठ्ठावीस इंची चाकाचे टायर-ट्यूब आणि ब्रेकचे रबर आजही साध्या सायकलच्या दुकानात नवेकोरे मिळतात.